बैठक तीन बोटं पुढे

माझा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. हे वाक्य लिहायला मला दीड वर्ष लागलं. आजार त्याच्या आधीच बरा झाला होता. म्हणून आजाराबद्दल लिहायचंच तर सुरुवात याच वाक्याने केलेली बरी.

मी सातपाटीचा, मच्छीमाराच्या घरातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, बी.टी. केलं आणि पालघरच्या एका हायस्कुलात गणित आणि शास्त्र शिकवू लागलो. रोज सायकलने जायचं, सायकलने यायचं. या सगळ्याचा मला अभिमान होता, आजही आहे. तो लपवत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्याचाही हात आहे.

सायकलची सीट

दुखणं पहिल्यांदा सायकलवर कळलं. डाव्या जांघेत काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं. मला वाटलं, सीट उंच झाली असेल. खाली केली. मग वाटलं, फार खाली झाली. वर केली. दोन महिने मी पाना घेऊन सीटशीच झटापट करत होतो. शेवटी एका सकाळी जमिनीवर बसल्यावर मला उठता येईना, तेव्हा बायकोने, मालतीने, पाना काढून घेतला आणि म्हणाली, "सायकलीला काही झालेलं नाही. तुम्हाला झालंय."

जुलैत मुंबईच्या हॉस्पिटलात गेलो. बरोबर आई होती. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, जरा वेळ बघितला आणि म्हणाले, "हाडाचा क्षय आहे. खुब्याच्या सांध्यात."

मी विचारलं, "किती दिवस लागतील?"

"महिने विचारा," ते म्हणाले.

त्या वेळी मला काय वाटलं असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर मी त्या एक्स-रेच्या कोपऱ्यातलं माझं नाव वाचत होतो. ते चुकीचं लिहिलं होतं. मी ती चूक दाखवली. त्यांनी दुरुस्त केली. मग मला भरती करून घेतलं.

आईला एक्स-रे कळत नसला तरी क्षय हा शब्द कळतो. वॉर्डात माझं सामान लावता लावता ती म्हणाली, "गावात कोणाला सांगायचा नाय. सायकलवरनं पडला, असा सांगायचा."

"आय, हा आजार हाडातला आहे. असा एकाचा दुसऱ्याला होत नाही."

"ता तुला म्हाइत, डॉक्टरला म्हाइत. माज्या टोपलीतला पापलेट घेणारीला कोण समजावंल? तू येशील बाजारात फळा घेऊन?"

फळा म्हणजे माझा शाळेतला फळा. खोटं बोलणं मला पटलं नाही, आणि तसं मी तिला सुनावलंही. शिकलेला माणूस आईला सुनावतो तसंच सुनावलं.

वजन

दिवाळी होऊन गेली तरी मी उताणाच होतो. पायाला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरी कप्पीवरून खाली आणि तिच्या टोकाला वाळूची पिशवी. कप्पी मी सातवीला शिकवतो. शिकवताना तिच्या टोकाला कधी माणूस बांधलेला नसतो.

पहाटे थर्मामीटर, मग चहा, मग इंजेक्शन. दुपारी गोळ्या, त्यांच्याने तोंडाची चव जायची. आई आठवड्यातून एकदा यायची, मालती एकदा. दोघी एकत्र कधी आल्या नाहीत. घरात कोणीतरी लागतं, असं दोघीही सांगायच्या. घरात दोघींचं बोलणं बंद झालं होतं, हे मला फार उशिरा कळलं. भांडण माझ्या वेगळ्या काढून ठेवलेल्या ताटावरून होतं. मालतीने ते इतर भांड्यांत मिसळलं, आईने पुन्हा वेगळं काढलं. मी घरात नसताना माझं ताट असं इकडून तिकडे जात होतं.

वॉर्डात एक मावशी होत्या, केर काढायच्या. केर काढताना त्या वाकून बघायच्या आणि न विचारता माझ्या गुडघ्याखाली घडी केलेलं फडकं सरकवायच्या. चार बोटं जाडीचं फडकं. त्याने दिवसभराचं दुखणं अर्ध्यावर यायचं. डॉक्टरांच्या कागदावर ते फडकं कुठेच नव्हतं. मी त्यांचे कधी नीट आभार मानले नाहीत. इथे मानतो.

वॉर्डाच्या टोकाला व्यायामाची खोली होती. दार उघडं असलं की आत एक यंत्र दिसायचं. बुटकी, मागे रेललेली खुर्ची आणि तिच्यापुढे, जवळजवळ बैठकीच्याच उंचीवर, सायकलीची पायडलं. बरे होत आलेले लोक रेलून बसायचे आणि कुठेही न जाता पायडल मारायचे. अंगाचा भार खुर्चीवर, पायावर नाही. डॉक्टर म्हणाले, "प्लास्टर निघालं की तुम्हालाही हे करायचंय. पण रोज मुंबईला कसे येणार?"

मी म्हटलं, "मी घरी बनवून घेईन."

आराखडा

नोव्हेंबरात मला कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर घालून घरी पाठवलं. घरी बाजेवर पडून मी आलेखाच्या कागदावर त्या यंत्राचा आराखडा काढला. वेळ भरपूर होता. मालतीकडून टेपने माप घेतलं. डावा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून माप उजव्याचं घेतलं. दोन्ही पाय समान आहेत असं गृहीत धरून गणित केलं. प्लास्टर घालताना डॉक्टर "थोडा फरक राहील" असं म्हणाले होते. किती, ते मी विचारलं नाही. एक्स-रेवरच्या नावाची चूक दाखवणारा मी, हे विचारायला विसरलो. विसरलो असंच मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

खुर्चीची पाठ मी आराखड्यात ताठ काढली, काटकोनात. हॉस्पिटलातली रेललेली होती. पण सात महिने आडवं राहायचं नशिबात आलेल्या माणसाला पुन्हा रेलायचं नव्हतं. मास्तर वर्गात बसतो तसं बसायचं होतं.

जानेवारीच्या अखेरीस प्लास्टर कापलं. आतला पाय माझा वाटला नाही, वाळलेल्या बोंबलासारखा दिसत होता. डॉक्टरांनी सांधा हलवून बघितला. जेमतेम हलला. ते म्हणाले, "एप्रिलच्या मध्यावर या. तोपर्यंत सांधा मोकळा झाला तर ठीक. दुखत राहिला आणि असाच राहिला, तर ऑपरेशन करून तो कायमचा जखडून टाकू. दुखणं थांबेल, पण खुबा पुन्हा वाकणार नाही."

म्हणजे मांडी घालून बसणं नाही. होडीत चढणं नाही. वर्गात खाली वाकून पोराच्या पाटीवर बघणं नाही. आमचे हेडमास्तर घरी येऊन गेले होते. "जूनपर्यंत जागा धरून ठेवतो," ते म्हणाले. "पुढे माझ्या हातात नाही." ते भले गृहस्थ. त्यांनी चहा आमच्या घरच्याच कपातून घेतला आणि आई त्या कपाकडे बघत राहिली.

बोईसरची शेड

यंत्रासाठी मी माझी सायकल मोडली. घरातली पहिली सायकल ती. आई म्हणाली, "मोड. मग शाळंत काय पोहत जाशील?"

कुबड्या घेऊन मी बोईसरला गेलो. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामामुळे तिथे तेव्हा वेल्डिंगच्या शेडी उभ्या राहिल्या होत्या. बरोबर धर्माकाका. धर्माकाका म्हणजे आमच्या गावचे होड्या बांधणारे सुतार, माझ्या वडिलांचे दोस्त. वडील मी कॉलेजात असताना गेले, त्यांची होडी धर्माकाकांनीच बांधलेली. लोखंडी सांगाडा बोईसरला करायचा आणि त्यावरची लाकडी बैठक धर्माकाका करणार, असं ठरलं होतं.

वेल्डर उत्तरेकडचा होता. त्याने आराखडा सरळ धरला, उलटा धरला आणि विचारलं, "मास्टरजी, सीट फिक्स कर दूँ, कि सरकने वाली रखूँ?"

"फिक्स," मी म्हटलं.

धर्माकाका म्हणाले, "सरकती ठेव रं. होडीत पाय टेकायची फळी आमी खाचा करून ठेवतो. बापाची खाच वेगळी, पोराची वेगळी. माणूस काय मापात र्‍हातो?"

"काका, मी हिशेब केलाय. एक सूतसुद्धा इकडे तिकडे होणार नाही."

"तू बीएशी," धर्माकाका म्हणाले. "मी काय बोलू?"

वेल्डरने दोघांकडे बघितलं, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि बैठकीचे पाय सांगाड्याला पक्के जोडून टाकले.

पाच आठवडे

यंत्र ओटीवर ठेवलं. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. मालती घड्याळ घेऊन बसायची.

पहिल्या दिवशी दुखलं. दुखणारच, सात महिन्यांचा आखडलेला सांधा. दुसऱ्या आठवड्यात कंबर धरली. तिसऱ्या आठवड्यात उजव्या कुल्ल्यावर जखम झाली. डावं पायडल लांब गेलं की माझा पाय त्याच्यामागे ओढला जायचा, आणि जवळ आलं की जांघेत सुरी लागायची. मी दात आवळून आकडे मोजायचो. मालतीला सांगायचो, सुधारतंय.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी आत्ता हेच करत असेल. मला वाटत होतं आजार परत आला आहे. पाच आठवडे रोज वाटत होतं. आणि यंत्रात खोट असेल, असं एकदाही वाटलं नाही. स्वतःचं हाड सडतंय हे मानायला मी तयार होतो, पण आराखडा चुकला हे मानायला तयार नव्हतो.

मार्चच्या मध्यावर मालती धर्माकाकांकडे गेली. मला न विचारता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, जाताना आईला सांगून गेली. दोघींचं त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं. विषय मीच होतो, आणि बोलणं माझ्या कौतुकाचं नसावं.

गादी

धर्माकाका दुपारी आले. कामावरून तसेच, अंगावर लाकडाचा भुसा. म्हणाले, "मार बगू पायडल."

मी मारलं. ते बाजूला उभे राहिले, मग मागे गेले, मग जमिनीवर उकिडवे बसून खालून बघू लागले. मग म्हणाले, "उठ."

मी उठलो. त्यांनी बैठकीवरची गादी उचलली. काथ्या भरलेली गोणपाटाची गादी, मालतीने शिवलेली. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. उजवीकडे ती पोळीसारखी चपटी झाली होती. डावीकडचा काथ्या नव्यासारखा फुगलेला.

"होडी एका अंगाला कलते तेव्हा आमी काय करतो?" त्यांनी विचारलं.

"माल हलवता."

"आदी बगतो, कलते कशापायी. तू डाव्या पायडलाला पोचत नायस. पोचायला कंबर टाकतस. म्हणून उजव्या कुल्ल्यावर सगला भार." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पाय आखूड झालाय तुजा."

"थोडा फरक राहील म्हणाले होते."

"किती?"

मी गादीची चपटी बाजू दाबून बघू लागलो. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "सांग ना. का सायकलवरनं पडलास?"

यावर पहिल्यांदा मालती हसली, मग धर्माकाका. मीही हसलो, पण जरा उशिरा.

त्यांनी मला बाजेवर उताणं झोपवलं, दोन्ही पाय शेजारी सरळ ठेवले आणि टाचांमधल्या फरकात आपली बोटं घातली. दोन बोटं बसली. सुताराची बोटं, म्हणजे माझी अडीच. "दोन," असं ते म्हणाले आणि मी तेच मान्य केलं. त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

बसवणं

पुढचं मी जरा तपशिलात सांगतो. कोणाला उपयोगी पडेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी धर्माकाकांनी बोईसरच्या त्या वेल्डरलाच आणलं. त्याने जोड कापले आणि बैठकीखाली दोन पट्ट्या बसवल्या. पट्ट्यांना ओळीने भोकं, भोकात खिळा घालायचा, खिळा काढला की बैठक पुढे मागे सरकते. भोकं पाडताना तो मोठ्याने मोजत होता.

मग धर्माकाकांनी मला बसवलं. म्हणाले, "बोटं नको, टाच ठेव पायडलावर. आता पायडल लांबात लांब सोड." उजवी टाच ठेवून पायडल सर्वात लांब नेलं तर ती पायडल सोडून हवेत. माझं मोजमाप उजव्या पायालाही जास्तच होतं. त्यांनी बैठक एक भोक पुढे घेतली, मग दुसरं. तीन बोटं पुढे आल्यावर टाच टेकली आणि गुडघा सरळ झाला. "आता पावलाचा पुडचा भाग ठेव. गुडगा मोडला थोडा? तेवडाच मोड पायजे. सरळ नको, दुमडलेला नको. वल्हं ओढणाऱ्याचा असतो तसा."

डाव्या पायडलावर त्यांनी सागाचा ठोकळा बांधला, दोन बोटं जाड. वर चामड्याचा पट्टा. डावी टाच टेकली. माझी कंबर सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा सरळ बसली.

राहिली खुर्चीची पाठ. पाठ मी सोडायला तयार नव्हतो.

"ताठ बसून कोण वल्हवतो रं?" धर्माकाका म्हणाले. "पायडल जवळ येतो तवा गुडगा छातीशी येतो, खुबा चिमटतो. माग रेल."

"काका, मी खूप रेललो."

"आजारात रेललास. हा काम हाय. कामात रेलायला कसली लाज?"

त्यांनी पाठीच्या फळीखाली पाचर मारली आणि ती मागे कलवली. अर्धवट झोपलेल्या माणसासारखा मी बसलो. पायडल जवळ आलं. जांघेत सुरी लागायची वाट बघत मी श्वास धरला. लागली नाही. पुन्हा फिरवलं. नाही लागली.

काथ्याची गादी आईने बाहेर टाकली. गावात तेव्हा नायलॉनची जाळी आली होती आणि जुनी सुती जाळी घराघरात पडून होती. वडिलांचं एक होतं. आईने ते आठपदरी घडी करून बैठकीवर घातलं. मऊ, आणि मधून हवा खेळती. जखम दहा दिवसांत भरली.

एका बैठकीत हे सगळं जमलं नाही. पहिल्या आठवड्यात अर्धं भोक मागे जायला हवं असं वाटायचं, मग एक नवीन भोक पाडलं. ठोकळ्यावर पाय घसरायचा म्हणून त्यावर रबर ठोकलं. पाचर दोनदा बदलली. दर दोन-तीन दिवसांनी मालती मला उठवायची आणि जाळ्याची घडी बघायची, एका बाजूला दबली का. दबली असली तर मला विचारायची नाही, सरळ धर्माकाकांना निरोप पाठवायची.

एप्रिल

डॉक्टरांनी पाय उचलला, वाकवला, बाहेर नेला, आत आणला. मी छताकडे बघत होतो. त्यांनी पुन्हा वाकवला.

"दुखतंय?"

"ओढ लागते. दुखत नाही."

"ऑपरेशन नको," ते म्हणाले. मग विचारलं, "किती फरक आहे पायात, कळलं का तुम्हाला?"

"दोन बोटं."

"कोणी मोजला?"

"आमच्या गावच्या सुताराने."

त्यांनी टेप काढला, मोजलं आणि वहीत लिहिलं. किती आलं ते मी विचारलं. त्यांनी इंचात सांगितलं. दोन बोटंच होती. मग मी आपणहून म्हटलं, "डाव्या बुटाचा तळ जाड करून घेतो."

जूनमध्ये मी शाळेत गेलो, एस.टी.ने. सायकल आता यंत्रात आहे आणि तिथेच राहील. जाड तळाचा बूट वर्गातल्या लाकडी चौथऱ्यावर वेगळा वाजतो. पहिल्या तासाला सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता. मी फळ्यावर दोन असमान रेघा काढल्या आणि म्हटलं, माझे पाय असे आहेत, आता वह्या उघडा. उघडल्या.

आईला बाजारात कोणीतरी विचारलं, सायकलवरून पडून एवढं कसं लागलं. ती म्हणाली, "पडला नवता. हाडाचा क्षय होता. बरा झाला. पापलेट घ्यायचा तर घे, नायतर पुडं सर." बाईने घेतलं, असं आई सांगते.

यंत्र अजून ओटीवर आहे. आता इतर लोक येतात. चिंचणीहून एक बाई येऊन गेल्या, त्यांचं भोक पाचवं. गेल्या आठवड्यात माकुणसारचे एक वाडीवाले आले, केळी-नारळीचे मालक, प्लास्टर नुकतं निघालेलं. मी टेप आणला नाही. त्यांना बसवलं, पाठीची फळी मागे कलवली आणि म्हटलं, "दोन्ही टाचा ठेवा. पाय सारखे आहेत का?"

"सारखेच हायत की सर," ते म्हणाले. "डॉक्टर बोलले, जरा फरक र्‍हाईल. पण सारखेच हायत."

मी ठोकळा हातात घेतला होता, तो खाली ठेवला. त्यांच्याखाली नवी घडी घातली, दोन्ही बाजूंनी सारखी.

"मारा पायडल," मी म्हटलं. "आठ दिवसांनी गादी बघू."